काट्यावरचा हिरवा आकडा

जुन्या गणकयंत्रावर किंवा मोंढ्यातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर जो निळसर-हिरवा आकडा दिसे, तो ज्या काचेच्या नळीत उमटे ती रेडिओच्या व्हॉल्व्हची धाकटी बहीण होय. आत निर्वात पोकळी, तापणारी केसासारखी तार, तिच्यापुढे जाळी आणि जाळीमागे चमकणारी भुकटी माखलेल्या सात पट्ट्या. तार तापली की इलेक्ट्रॉन सुटतात, जाळी त्यांना वाट देते, आणि ज्या पट्टीवर ते आदळतात ती उजळते. एवढ्या सात पट्ट्यांत शून्यापासून नऊपर्यंतचे सारे अंक बसवले आहेत.

ही नळी 1967 साली जपानात इसे येथे तादाशी नाकामुरा यांनी सिद्ध केली. इसे हे आपल्या तुळजापूरसारखे देवीचे ठाणे; तेथील देवता सूर्यदेवी. यात्रेच्या गावी असा कारखाना निघावा याचे मला फार कौतुक वाटते. त्यापूर्वी गणकयंत्रांत निक्सी नावाची अमेरिकन नळी असे. तिला सुमारे 170 व्होल्टचा दाब लागे. नाकामुरांनी जस्ताच्या ऑक्साइडची भुकटी वापरली. ती मंद इलेक्ट्रॉनांनीही उजळते, म्हणून वीस-पंचवीस व्होल्टांत काम भागू लागले. 1969 च्या शार्प कंपनीच्या गणकयंत्रात हीच नळी होती. पुढे सोव्हिएत देशातही तिचे कारखाने निघाले.

आता अडचण येथून सुरू होते. रेडिओच्या व्हॉल्व्हचे नावच बोलके असे. ईसीसी 83 म्हटले की पहिल्या 'ई'वरून मेकॅनिक ओळखे, तारेला 6.3 व्होल्ट. सोव्हिएत आयव्ही-6 नळीच्या नावात तसे काहीच नाही. तारेला 1 व्होल्ट, जाळीला व पट्ट्यांना 25, हे तिच्या माहितीपत्रकातच पाहावे लागते. पत्रक हरवले की नळी मुकी. त्यातून पुष्कळ नळ्या एखाद्या कारखान्याच्या मागणीबरहुकूम घडवलेल्या. त्यांची पत्रके बाजारात कधी आलीच नाहीत. मी मजुरीच्या करारांतली कलमे व दरांचे तक्ते वाचता वाचता शिकलेला माणूस आहे. ज्याच्या हाती तक्ता त्याचा शब्द चालतो, हे मला नवे नव्हते.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या एका मोंढ्यात असा काटा होता. एके दिवशी रिकाम्या काट्यावरची सारी शून्ये वरून उघडी, वाटीसारखी दिसू लागली. मापाड्याच्या हे प्रथम ध्यानात आले. वरची आडवी पट्टी गेली की सात हा एकासारखा दिसतो. 57 किलोचे पोते 51 चे होते. शेतकऱ्याची पट्टी आणि आमची हमाली, दोन्ही त्याच आकड्यावर. अडत्या म्हणाला, नळी म्हातारी झाली, पत्रक मिळत नाही, नवा काटा येईपर्यंत चालवून घ्या. हमालांनी पोती खाली ठेवली. मग शिक्क्याची लोखंडी वजने निघाली आणि साध्या तराजूवर तोल सुरू झाला.

परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याबरोबर एक म्हातारा रेडिओ मेकॅनिक आला. त्याचे म्हणणे असे: एकाच घरातली पट्टी विझली असती तर नळीवर संशय घेता आला असता. येथे सगळ्या घरांतली वरची पट्टी एकदम गेली आहे, आणि अशा नळीत सर्व घरांतल्या वरच्या पट्ट्या एकाच पायाला जोडलेल्या असतात. तेव्हा दोष बहुधा बाहेरचा.

पत्रकावाचून त्याने पाय कसे ओळखले ते सांगण्याजोगे आहे. दोन टोकांच्या पायांमध्ये मीटरने थोडासाच विरोध दाखवला, ते तारेचे. तारेचा दाब त्याने अगदी कमीपासून हळूहळू वाढवला. अंधारात तार लालसर दिसू लागली तर मर्यादा ओलांडली असे समजावे, म्हणून दुकानाचे शटर अर्धे ओढले होते. मग जाळ्यांना बारा व्होल्ट लावून तेवढाच दाब एकेका पायाला देत, कोठे उजेड पडतो ते कागदावर टिपले. सहाव्या पायाला साऱ्या वरच्या पट्ट्या लखकन उजळल्या. नळी धडधाकट होती. त्या पायाचा डाख तडकला होता.

डाख नवा झाला. वजनमाप खात्याच्या निरीक्षकाने तपासून पुन्हा शिक्का मारीपर्यंत मात्र लोखंडी वजनेच चालली. पायांचा तो कागद मापाड्याने काट्याच्या झाकणाला आतून चिकटवला. त्यावर एकाच पायासमोर प्रश्नचिन्ह राहिले होते.