‘अंतरा’ इंजेक्शन बंद केल्यावर पाळी कधी येते, दिवस कधी राहतात?

दोन मुलांत अंतर राहावे म्हणून आपल्या अनेक बहिणी ‘अंतरा’ इंजेक्शन घेतात. २०१७ पासून ते सरकारी योजनेत मोफत मिळते. कधी घ्यायचे ते आशाताई सांगतात. बंद केल्यावर काय होते, हे मात्र बऱ्याच जणींना माहीतच नसते. मग चार-पाच महिने पाळी आली नाही की घरात कुजबुज सुरू होते, ‘सुईने कूस बंद केली.’ पालक सभा संपली की बाजूला घेऊन हळूच हेच विचारणाऱ्या आया आम्हाला भेटतात.

कूस बंद होत नाही. उशीर मात्र होतो, आणि तो या औषधाच्या स्वभावातच आहे. एका डोसमध्ये डीएमपीए नावाचे १५० मिलिग्रॅम हार्मोन असते. ते स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरते आणि बीजांड तयार होणे थांबवते. तीन महिन्यांनंतरही त्याचा थोडा अंश शरीरात राहतो. गोळी बंद केली की दोन-चार दिवसांत औषध उतरते, तसे इथे होत नाही.

हिशोब शेवटच्या सुईच्या तारखेपासून धरावा. त्या तारखेपासून दिवस राहायला साधारण १० महिने लागतात, कोणाला चार, कोणाला दीड वर्षाहून जास्त. समजा शेवटची सुई जानेवारीत घेतली, तर नोव्हेंबरच्या आसपास दिवस राहणे ही सर्वसाधारण गोष्ट. मूल हवे म्हणून सुई थांबवलेल्या १०० बायकांपैकी सुमारे ६८ जणींना १२ महिन्यांत आणि ९३ जणींना १८ महिन्यांत दिवस राहिल्याचे आढळले आहे. सुया दोन घेतल्या की दहा, यावर हा वेळ ठरत नाही. म्हणून पुढच्या वर्षी मूल हवे असेल तर सुई आधीच थांबवावी.

याची दुसरी बाजूही आहे, आणि तिथेच जास्त फसगत होते. मूल नको असेल तर ‘पाळी आली नाही म्हणजे अजून सुरक्षित’ असे समजू नये. बीजांड पाळीच्या आधी येते, त्यामुळे पहिली पाळी न येताच दिवस राहू शकतात. पुढच्या डोसची तारीख कार्डावर लिहिलेली असते. त्या दिवसापासून निरोध, तांबी किंवा ‘छाया’ गोळी, जे डॉक्टर सांगतील ते सुरू करावे.

पाळी सुरुवातीला वेळेवर येईलच असे नाही. कधी नुसते डाग, कधी जास्त दिवस रक्तस्राव. नमाज-रोज्याचा प्रश्न इथेच येतो. हनफी मसलकात हैज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १० दिवस धरतात, बाकी स्राव इस्तिहाजा. स्राव सुरू झाला आणि थांबला त्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवल्या तर आलिमा किंवा मुफ्तीसाहेबांना विचारणे सोपे जाते. तीच नोंद डॉक्टरांच्याही कामी येते.

सुई चालू असताना हाडांची घनता थोडी कमी होते, ती बंद केल्यावर बरीचशी भरून येते. वाढलेले वजन मात्र आपोआप उतरतेच असे नाही. बाळ अंगावर पीत असेल तर पाळी त्यामुळेही लांबते.

पाळी चुकली आणि मळमळ वाटली तर आधी लघवीची तपासणी करावी. रक्तस्राव नेहमीच्या दुप्पट असेल, आठ दिवसांपुढे गेला किंवा पोटात जोराने दुखले तर थांबू नये. शेवटच्या सुईला वर्ष होऊनही पाळी नसेल, किंवा वय पस्तिशीपुढे असेल आणि सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नसतील, तरी डॉक्टरांना दाखवावे. जाताना ‘अंतरा’चे कार्ड सोबत घ्यावे. अंबड, परतूर, भोकरदनच्या बहिणींनी आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारावे, गरज पडल्यास तिथून जालन्याला पाठवतात. आणि तपासणी नवऱ्याचीही व्हायला हवी. त्याची तपासणी साधी असते, तरी आमच्याकडे बाईच्याच फाइली जाड होत जातात.