पाठलाग
राजा परांजपे दिग्दर्शित मराठी रहस्यपट (१९६४). जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ कादंबरीवर आधारित. प्रमुख भूमिका : भावना, काशीनाथ घाणेकर. वकील नायकाच्या डोळ्यांदेखत पत्नी मरण पावते. पुढे पकडलेली एक आरोपी ‘तीच मी’ म्हणते. चेहरा हुबेहूब तोच. कोर्टात ती नवरा-बायकोतल्या खासगी गोष्टी सांगू लागते आणि उलटतपासणी घेणाराच डळमळतो. येथे प्रश्न खून कोणी केला हा नाही, समोरची बाई कोण हा आहे. मृत्यू प्रेक्षकानेही पाहिलेला असल्याने त्याचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडतो. चित्रपटाची खरी पकड यातच. उकल त्यामानाने साधी. राज खोसला यांचा हिंदी ‘मेरा साया’ (१९६६) याच कथेवर बेतला.