उकिरड्याची दैना आणि इंदूरची रीत

उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ती रचणाऱ्याने उकिरड्याला बारा वर्षांची मुदत दिली. परंतु ज्या इंदुरात आपल्या कित्येक पिढ्या नांदल्या, त्या नगरीने ही मुदत अवघ्या नव्वद दिवसांवर आणली. जगभरच्या शेतीविषयक ग्रंथांत आपल्या शहराचे नाव होळकरांच्या राजवाड्यामुळे वा सराफ्यातील खाऊगल्लीमुळे गेलेले नाही. ते गेले आहे कुजवलेल्या पाल्यापाचोळ्याच्या एका रीतीमुळे. 'इंदूर पद्धती' या नावाने ती विख्यात आहे. आमच्या पिढीतील अनेकांना तिची माहिती नसावी, याची खंत वाटून हा लेख लिहीत आहोत.

या कथेचा नायक इंग्रज आहे. अल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) हे १९०५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत दाखल झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या केंब्रिज येथे घडलेल्या वनस्पतिशरीरशास्त्रज्ञ होत्या आणि पतीच्या बरोबरीने संशोधन करीत होत्या. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती सिद्ध केल्या. 'पुसा ४' आणि 'पुसा १२' ही त्यांतील ख्यातनाम नावे. परंतु उत्तम बियाणे दिले तरी माती निकस असेल तर त्याचे चीज होत नाही, हा अनुभव त्यांना वारंवार येत गेला. शिवाय पुशात पीकशास्त्रज्ञ, रसायनज्ञ, कीटकतज्ज्ञ यांची खाती वेगवेगळी होती. शेतकऱ्याचे शेत मात्र एकसंध होते. हे सर्व एका छत्राखाली पाहता येईल अशा जागेच्या शोधात हे दांपत्य होते.

ती जागा माळव्यात मिळाली. इंदूर दरबारने ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या नाममात्र भाडेपट्ट्याने दिली, मध्य भारतातील संस्थानांनी साह्य केले, भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने खर्चाचा मोठा भार उचलला आणि १९२४ साली 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' उभी राहिली. समितीला रस होता कापसात. हॉवर्ड मात्र कापसाच्या आधी काळ्या मातीकडे वळले.

माळव्याची काळी माती आपणां सर्वांना परिचित आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून चिकट लगदा होते. अशा वेळी मातीतील हवा कोंडते आणि मुळे गुदमरतात. यावर उतारा दोन प्रकारचा होता: पाण्याचा निचरा आणि मातीत सेंद्रिय द्रव्याची भर. दुसरा उतारा अवघड, कारण शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जात असे. उरलेले शेण उकिरड्यावर ऊनपावसात पडून निःसत्त्व होई. उलट तुरीच्या आणि कपाशीच्या पळाट्या, तण, पालापाचोळा यांची वाण नव्हती. पण तशाच जमिनीत गाडल्या तर त्या कुजताना पिकाच्याच वाट्याचे नत्र ओढून घेत. तेव्हा प्रश्न असा होता की, थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कसा मुरवावा आणि तो जमिनीबाहेरच कसा कुजवून घ्यावा.

उत्तर शोधण्यात चीनमधील शेतकऱ्यांच्या प्राचीन प्रथेचा आधार झाला. अमेरिकी कृषितज्ज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे वर्णन केले होते. इंदुरात त्या प्रथेला प्रयोगशाळेची जोड मिळाली. कपाशीच्या टणक पळाट्या संस्थेतील रस्त्यांवर पसरीत, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप भरडल्या जात. हा कचरा गोठ्यात बैलांखाली अंथरीत. गोठ्याची जमीन मातीची ठेवीत आणि गोमूत्र प्यालेली ती माती ठरावीक काळाने खणून खड्ड्यात टाकीत. मग ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघ्या २ फूट खोल खड्ड्यात कचरा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे थर लावीत आणि पाणी शिंपडीत. खोली मुद्दाम कमी होती, कारण दीड-दोन फुटांखाली हवा पुरेशी पोहोचत नाही. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचू नये म्हणून ढीग जमिनीवरच रचीत. साधारण दोन आठवड्यांनी पहिली, महिन्याने दुसरी आणि दोन महिन्यांनी तिसरी पालटणी होई. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधरहित खत तयार होई.

यात नवे ते काय, असे कोणी विचारील. नवे होते ते मापन. ढीग रचल्यावर त्याचे तापमान सुमारे ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते आणि नव्वद दिवसांत हळूहळू ३० अंशांच्या आसपास उतरते, हे तापमापकाने नोंदले गेले. प्रारंभी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण ३३ ला १ असावे आणि शेवटी ते १० ला १ च्या जवळ यावे, हे रासायनिक पृथक्करणाने ठरले. आधी बुरशी आणि मग जिवाणू असा काम करणाऱ्यांचा क्रम लक्षात आला. राखेने आम्लता का मारावी लागते, पालटणी का करावी, नत्र उडून कधी जाते, या सर्वांचा जमाखर्च मांडला गेला. आजीच्या अंदाजाला आकड्यांचा पाया मिळाला, आणि म्हणूनच ही रीत इंदुराबाहेर कोणालाही जशीच्या तशी करता आली.

हा जमाखर्च मांडणाऱ्यांत एक नाव आपल्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. १९३१ साली इंदूर पद्धतीचे सविस्तर वर्णन करणारा 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन लेखक आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेत कृषिरसायन विभागाचे प्रमुख सहायक होते. हॉवर्ड त्याच वर्षी भारत सोडून गेले. तत्पूर्वी १९३० साली गॅब्रिएल यांचे निधन झाले होते. वाड मात्र काम करीत राहिले आणि जॅक्सन यांच्यासमवेत १९३४ साली त्यांनी वस्तीतील मैला आणि केरकचरा यांना हीच पद्धती कशी लागू करावी, यावर पुस्तिका लिहिली. हॉवर्ड यांना १९३४ साली 'सर' ही पदवी मिळाली आणि १९४० च्या 'अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' या ग्रंथामुळे ते जगभर सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष ठरले. वाडांचे नाव मात्र ग्रंथसूचीतच उरले.

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदुरास आले, तेव्हा त्यांनी ही संस्था आवर्जून पाहिली आणि पुढे 'हरिजन'मधून या खताचा पुरस्कार केला. ज्या देशात मैला हा अस्पृश्यतेशी जखडलेला विषय होता, तेथे कचऱ्याचे धन होते हे दाखवणारे शास्त्र त्यांना मोलाचे वाटावे, यात नवल नाही.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. उत्तरायुष्यात हॉवर्ड रासायनिक खतांचे कट्टर विरोधक झाले आणि सकस मातीतील पिकाला रोग जवळजवळ शिवतच नाही, इथपर्यंत त्यांची श्रद्धा गेली. ती सर्वस्वी मान्य करता येत नाही. माळव्याच्याच जातीच्या काळ्या मातीत जबलपूर येथे १९७२ पासून सोयाबीन आणि गहू यांवर दीर्घकालीन खतप्रयोग चालू आहे. केवळ नत्र दिल्याने जमीन खंगते, पण नत्र, स्फुरद, पालाश यांच्या समतोल मात्रेस शेणखताची जोड दिली की उत्पन्न आणि मातीतील सेंद्रिय कर्ब दोन्ही सुधारतात, असे त्यातून दिसले. म्हणजे वाद रसायन विरुद्ध शेण असा नसून मोजून देणे विरुद्ध न मोजता ओतणे असा आहे.

मोजण्याची साधने आज पुष्कळ सोपी झाली आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. पत्रिकेत बारा गोष्टींची नोंद असते: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. बागायतीत अडीच हेक्टरांना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक नमुना, आणि त्याचे स्थान उपग्रहाच्या साह्याने निश्चित करावयाचे, असा दंडक होता. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेने 'मृदापरीक्षक' ही छोटी फिरती प्रयोगशाळाही सिद्ध केली. तथापि, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याचे पत्रिका सांगू शकते. तो वाढवण्याचे काम तिच्याने होत नाही. तेथे पुन्हा खड्डा, पाला, शेण आणि पालटणीच लागते. पत्रिका हे निदान, आणि इंदूर पद्धती हा उपचार.

इतिहासाची गंमत अशी की, आपले इंदूर आज स्वच्छतेसाठी गाजते. देवगुराडिया येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यापासून वायू आणि खत करण्यासाठी उभारला गेला. यंत्रे बदलली, पण वाड आणि जॅक्सन यांनी १९३४ साली मांडलेले सूत्र तेच आहे.

हॉवर्ड यांच्या संस्थेच्या जागेवर पुढे कृषी महाविद्यालय झाले. त्या आवारात आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा कारकून, मुकादम, प्रयोगशाळा सहायक म्हणून वावरले असतील. त्यांच्या जुन्या ट्रंकांत एखादी वही, एखादे छायाचित्र, पगाराची पावती पडून असेल, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उलगडून पाहावी, अशी आमची नम्र विनंती आहे. ज्या गावाने उकिरड्याची दैना फेडली, त्या गावाने आपल्या माणसांची स्मृती उकिरड्यावर टाकू नये.