गंडगायचा महापूर आणि त्याची स्मारके

एखाद्या गावातील प्रेक्षणीय स्थळांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहता येईल काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी गौण वाटण्याचा संभव आहे. प्रवासी स्थळ पाहतो आणि पुढे जातो. अभ्यासकाने मात्र ते केव्हा उभारले गेले, कोणाच्या स्मरणार्थ उभारले गेले आणि त्या काळी कोणाचे स्मारक उभारावेसे वाटले नाही, हेही पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातील गंडगाय या लहानशा गावाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

मरंबिजी नदीच्या काठचा हा प्रदेश मूळचा विराजुरी लोकांचा. स्टर्ट या संशोधक-प्रवाशाने १८२९ मध्ये या नदीच्या काठाने प्रवास केला. सिडनीहून दक्षिणेकडे, आजच्या मेलबर्नच्या दिशेने जाणाऱ्या मार्गावर नदी ओलांडण्याचे ठिकाण येथे असल्यामुळे तेथे वस्ती वाढली आणि १८३८ मध्ये शासनाने तिला नगराचा दर्जा दिला. वाहतुकीच्या सोयीसाठी हे नगर नदीलगतच्या सखल मैदानात वसविण्यात आले, आणि त्याच्या विनाशाचे बीज या निवडीतच होते. नदी मैदानावर पसरते, अशी सूचना मूळ रहिवाशांनी वसाहतवाल्यांना दिली होती, परंतु ती कोणी मनावर घेतली नाही, असे स्थानिक परंपरा सांगते. १८४४ मध्ये पुराचा अनुभव येऊनही गाव जागचे हलले नाही.

जून १८५२ च्या २४ व २५ तारखांना मरंबिजीने गाव गिळले. त्या वेळी गावात सुमारे अडीचशे माणसे होती. मृतांचा आकडा निरनिराळ्या वृत्तांतांत थोडाफार भिन्न आढळतो, तरी तो ऐंशीच्या आसपास होता, याविषयी दुमत नाही. म्हणजे गावाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नाहीसा झाला. छपरांवर आणि झाडांच्या फांद्यांवर अडकलेल्या उरलेल्या लोकांपैकी पुष्कळांना वाचविले ते यारी, जॅकी जॅकी आणि त्यांच्या काही विराजुरी सोबत्यांनी. यारीची होडी झाडाच्या सालीची होती. तीत एका खेपेस जेमतेम एखादा माणूस बसे. अशा होडीतून रात्रीच्या अंधारात, वेगवान प्रवाहात त्याने खेपांमागून खेपा केल्या. यारीने ४९ व जॅकी जॅकीने २० जणांचे प्राण वाचविले, असे परंपरागत श्रेय त्यांना दिले जाते. या आकड्यांच्या नेमकेपणाविषयी सावध राहणे योग्य होईल, परंतु मूळ घटना निर्विवाद आहे.

पुढील वर्षी, १८५३ मध्ये, त्याहूनही मोठा पूर आला आणि अखेर गाव टेकडीच्या उतारावर हलले. १८६७ मध्ये पुरा झालेला प्रिन्स आल्फ्रेड पूल या अनुभवाचीच साक्ष देतो. नदीच्या पात्रावर लोखंडी कैच्यांचा पूल आणि त्याला जोडून सखल मैदानावरून जाणारा लांबच लांब लाकडी सेतू, अशी त्याची रचना होती. जेथे पूर्वी लोक राहत होते, ते मैदान आता केवळ ओलांडावयाचे राहिले. त्याच्या शेजारी १९०३ मध्ये रेल्वेचा लाकडी सेतू झाला. १९७७ मध्ये नव्या पुलावरून महामार्ग गेला आणि जुना पूल प्रवाशांच्या कुतूहलाचा विषय बनला. त्याचा जीर्ण झालेला लाकडी भाग २०२१ मध्ये पाडण्यास प्रारंभ झाला.

परंतु गंडगायचे नाव देशभर पोहोचले ते पुरामुळे नव्हे, तर एका कुत्र्यामुळे. गावापासून पाच मैलांवर शिदोरीच्या पेटीवर बसलेल्या कुत्र्याचा पुतळा आहे. फ्रँक रस्कोनी या स्थानिक शिल्पकाराने तो घडविला आणि २८ नोव्हेंबर १९३२ रोजी पंतप्रधान जोसेफ लायन्स यांनी त्याचे अनावरण केले. बैलगाडीवाल्यांच्या ज्या लोकगीतांतून ही कल्पना आली, त्यांतील कुत्र्याचे वर्तन सभ्य समाजात सांगण्याजोगे नव्हते, असा सार्वत्रिक समज आहे. पुतळ्यात मात्र तो धन्याच्या शिदोरीची राखण करणारा इमानी प्राणी झाला आणि आद्य वसाहतकारांच्या कष्टांचे प्रतीक ठरला. स्मारके भूतकाळ जतन करतात तशी ती त्याला धुऊनपुसूनही घेतात, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

यारी व जॅकी जॅकी यांचा कांस्यपुतळा गावाच्या मुख्य रस्त्यावर, शेरिडन स्ट्रीटवर, उभा राहिला तो २०१७ मध्ये, म्हणजे पुरानंतर १६५ वर्षांनी आणि कुत्र्याच्या पुतळ्यानंतर ८५ वर्षांनी. तोपर्यंत गावाला त्यांची आठवणच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कृतज्ञता म्हणून यारीला गळ्यात घालावयाचा धातूचा पट्टा देण्यात आला होता. परंतु असे पट्टे देण्याची वसाहतकाळातील प्रथा ही आश्रयदात्याची प्रथा होती. त्यात सन्मान होता, बरोबरी नव्हती. १८८० मध्ये यारी मरण पावला. ज्या गावाची माणसे त्याने वाचविली, त्या गावाच्या सार्वजनिक चित्रात त्याला दर्शनी जागा मिळावयास आणखी १३७ वर्षे जावी लागली.

येथे केवळ उशिराचा दोष दाखवून थांबणे पुरेसे नाही. १९३२ मध्ये गावाला स्वतःची कथा सांगावयाची होती आणि त्या कथेचा नायक रस्ता तुडविणारा वसाहतवाला होता. ज्याने त्या नायकाला पाण्यातून बाहेर काढले, त्याला त्या कथेत जागा देणे म्हणजे भूमी मूळची कोणाची आणि नदीचे ज्ञान कोणाला होते, हे मान्य करणे होते. म्हणून पूल, कुत्रा व कांस्यमूर्ती ही तिन्ही स्थळे त्यांच्या कालक्रमाने वाचावीत. पहिले पुराविषयी सांगते, दुसरे विस्मृतीविषयी आणि तिसरे त्या विस्मृतीच्या उशिरा झालेल्या जाणिवेविषयी. स्मारकावर कोरलेल्या मजकुराइतकेच त्याच्या उभारणीचे वर्षही इतिहासाचे साधन असते, हा गंडगायचा आपल्यासाठी धडा होय.