गर्भपातानंतर अंगावरून जास्त जात असेल तर वेळणेश्वरकरांनी कुठे जायचं?

वेळणेश्वर (ता. गुहागर) : गर्भपात आपोआप झालेला असो, दवाखान्यात केलेला असो की मेडिकलमधून गोळ्या आणून घरी झालेला असो, नंतरचा धोका सारखाच असतो. गर्भाचा काही अंश पिशवीत राहिला तर रक्त थांबत नाही, पुढे जंतुसंसर्ग होतो. उपचार तसा छोटा आहे. पिशवी साफ करतात किंवा गोळ्या देतात, गरजेप्रमाणे अँटिबायोटिक. घात होतो तो लपवाछपवीत गेलेल्या तासांमुळे.

जास्त म्हणजे किती? तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि असं सलग दोन तास चाललं, तर सकाळ व्हायची वाट बघू नये. चक्कर, हातपाय गार पडणं, थंडी वाजून ताप, ओटीपोटात न थांबणारी कळ, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं एकही असलं तरी निघावं. गोळ्यांनंतर आठ-पंधरा दिवस थोडं थोडं जाणं मात्र नेहमीचंच.

जवळचं म्हणजे हेदवीचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मग गुहागरचं ग्रामीण रुग्णालय. रक्त चढवायची वेळ आली तर कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय, डेरवणचं वालावलकर रुग्णालय किंवा रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. गुहागर ते चिपळूणच ४५ किलोमीटरच्या आसपास, आणि पावसाळ्यात तो रस्ता किती वेळ खातो ते सगळ्यांना माहीत आहे. रत्नागिरीला तवसाळ-जयगड फेरीबोटीने जवळ पडतं, पण रात्री तिच्या भरवशावर निघू नये. म्हणून १०८ ला फोन लवकर करावा, तो मोफत आहे. गाडी येईपर्यंत बाईला आडवं झोपवून पाय उशीवर ठेवावेत, अंगावर पांघरूण घालावं.

पुढे पाठवताना डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावीच. रक्तस्राव कधी सुरू झाला, रक्तदाब किती, कुठलं इंजेक्शन दिलं, हे त्यात हवं. पुढच्या रुग्णालयाला आधी फोन करायलाही सांगावं. रक्त देऊ शकतील असे दोघे सोबत न्यावेत. गोळ्या घेतल्या असतील तर रिकामं पाकीट डॉक्टरांना दाखवावं, लाजू नये.

नवऱ्याच्या सहीवाचून काही अडत नाही. १९७१ च्या कायद्यानुसार १८ वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार या कायद्याखाली गर्भपात केलेल्या बाईचं नाव डॉक्टरांनी फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. आणि आधी उपचार, कागदपत्रं नंतर, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा परमानंद कटारा निकाल आहे. तो खासगी डॉक्टरांनाही लागू आहे.

उशीर शहरातही मारतो. बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या मोठ्या रुग्णालयातच होत्या. १७ व्या आठवड्यात गर्भपात सुरू झाला होता, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून पिशवी मोकळी केली नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरून त्या गेल्या.

घरी आल्यावर एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. पाळी यायच्या आधीच, दोन आठवड्यांच्या आतसुद्धा, परत दिवस जाऊ शकतात. तांबी बसवायची असेल तर रुग्णालयातून निघण्याआधीच सिस्टरना विचारावं. नंतर आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.