झोपेतला हात

आजची गोष्ट स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराची, १८७८ सालची. सायमन फ्रेझर नावाच्या माणसाला रात्री स्वप्न पडलं, की घरात हिंस्र जनावर शिरलंय. त्याने ते धरून आपटलं. जाग आली तेव्हा कळलं, आपटलं ते आपलंच दीड वर्षांचं लेकरू. ते वाचलं नाही.

खुनाचा खटला उभा राहिला. झोपेत उठून कुणाच्याही अंगावर धावण्याची त्याची खोड जुनीच होती. याला वेड म्हणायचं का, यावर डॉक्टरांचंही एकमत होईना. शेवटी ज्युरीने, म्हणजे पंच म्हणून बसलेल्या साध्या माणसांनी, ठरवलं, की केलं यानेच, पण नकळत. म्हणून तो जबाबदार नाही. यापुढे एकट्यानेच झोपायचं, असं कबूल करून घेऊन कोर्टाने त्याला सोडलं. आम्हाला हा निकाल पटतो. हात त्याचाच होता, पण मन झोपलेलं होतं.

आमच्या बैठकीत लगेच विचारलं जातं, मग ‘नशेत होतो’ म्हणणाराही सुटेल का? नाही. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेपासून नियम आहे: फसवून किंवा बळजबरीने पाजली आणि काय करतोय ते कळेनासं झालं, तरच सूट. स्वतःहून प्यायलेल्याला नुसतं नशेचं निमित्त चालत नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा नियम तसाच आहे.