पट्टा करवतीची खाच

विल्यम न्यूबेरीने १८०८ साली लंडनमध्ये पट्टा करवतीचं पेटंट घेतलं, पण ती करवत कामाला लागायला पुढे चार दशकं गेली. कल्पना पक्की होती: दोन चाकांवरून अखंड फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. घोडं अडलं ते जोडावर. चाकावर वाकून वाकून जोड सुटायचा. १८४६ मध्ये फ्रान्सच्या आन पोलीन क्रेपां या बाईंनी टिकाऊ जोडाची रीत काढली, पुढे पॅरिसच्या पेरँ कंपनीने चांगल्या पोलादाचे पट्टे बनवले, आणि करवत चालू लागली.

वखारीत पट्ट्यांना धार लावण्यातच माझा जन्म गेला. क्रेपांबाईंबद्दल मला फार आदर आहे, कारण पट्ट्याचं दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं. बोथट पट्ट्याला पुन्हा धार येते, तुटलेला मात्र गेलाच. प्रत्येक फेरीत तो दोनदा वाकतो आणि सरळ होतो. चीर बहुतेक वेळा दोन दातांमधल्या खाचेच्या तळाशी सुरू होते. तिथे नखाला जेमतेम लागेल एवढा ओरखडा राहिला, तरी पट्टा तिथूनच फाटत जातो.

मोठ्या गिरण्यांत पट्टे सांभाळायला वेगळा कारागीर असे. तो रुंद पट्टा हातोडीने ठोकून त्यात ताण बसवी. १९८२ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला वूड-मायझर ही कंपनी सुरू झाली आणि गाडीला जोडून नेण्याजोग्या गिरणीचा प्रसार झाला. सव्वा इंच रुंद, मिलिमीटरभर जाडीचा पट्टा आणि मालक एकटा. धार लावायचं मशीनही त्यालाच निवडायचं.

जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये दगडी चाक दाताच्या तोंडावरून उतरतं, खाचेतून फिरतं आणि मागच्या पाठीवर चढतं. चाक झिजलं की त्याचा आकार पुन्हा काढावा लागतो. कोरडं घासताना जरा दाब वाढला की टोक निळं पडतं, पोलादाचं पाणी उतरतं.

दुसरी वाट १९५७ मध्ये उघडली. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी क्यूबिक बोरॉन नायट्राइड घडवलं. हिरा त्याहून कठीण, पण तापला की त्यातला कार्बन लोखंडात मुरतो, म्हणून पोलादाला तो चालत नाही. या नव्या पदार्थाचा थर दिलेल्या चाकाला दात आणि खाच यांचाच आकार असतो. वरून तेलाची धार सोडलेली, आणि एका घासात अख्खी खाच स्वच्छ.

एकाच जातीचे पट्टे वापरणाऱ्याने अशा चाकाचंच मशीन घ्यावं, महाग असलं तरी. लाकूड बघून कधी दहा अंश कोनाच्या दातांचा, कधी चार अंशांचा पट्टा चढवणाऱ्याला मात्र दर आकाराला वेगळं चाक लागेल; त्याला दगडी चाकच सोयीचं. सागात सिलिका असते, धार लवकर जाते, म्हणून सागवाल्याने वेळेचाही हिशेब करावा. मशीन बघायला जाताना आपला वापरलेला पट्टा न्या, त्यावरच चालवून दाखवायला सांगा आणि भिंगातून खाचेचा तळ तपासा. विकणारे दाताचं टोक दाखवतात.